पाटाच्या तोंडावरचं फावडं

आने कुनझेसच्या वाफ्याच्या कोपऱ्यात एक तांब्याचं पातेलं उपडं घातलेलं असायचं. त्याला बूड नव्हतं. गाजरांसाठी खोल खणताना ते तिला कमरेइतक्या खाली सापडलं होतं. ते कुणाच्या घरचं हे तिनं कधी सांगितलं नाही, पण आमच्या लुंगमार गावात सगळ्यांना ठाऊक होतं. एकतीस वर्षांपूर्वी ओढ्याच्या काठाला चार घरं होती. ऑगस्टातल्या एका दुपारी ओढा आला आणि ती घरं घेऊन गेला. सात माणसं गेली, त्यात आनेचा नवरा नामग्याल होता. घरं होती तिथे पुरुषभर गाळ साचला. दोन वर्षं तिकडे कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या वर्षी आने कुनझेसनं तिथे वाफा पाडला.

लोक म्हणाले, दुःखानं डोकं फिरलं बाईचं. मग तिचे सलगम निघाले. एकेक सलगम लहान मुलाच्या डोक्याएवढा. लोक गप्प झाले आणि पुढच्या वर्षी तिच्या शेजारी वाफे पाडायला आले. आमच्याकडे बाकी सगळी जमीन म्हणजे दगड आणि वाळू, मूठभर माती करायला माणसाचं निम्मं आयुष्य जातं. इथे ती आयती आली होती. आता त्या काठावर तेवीस घरांचे वाफे होते, आणि आम्ही त्यांना नुसतं 'खालचे वाफे' म्हणायचो.

आने माझी सख्खी कुणी नाही. आमच्याकडे आईच्या वयाची बाई आनेच असते. पण वाफा म्हणजे काय हे मला तिनं शिकवलं. पॉलिटेक्निकात सिव्हिलचा डिप्लोमा करून मी गावी परतले तेव्हा मातीचा ओलावा मोजायचं यंत्र मला चालवता येत होतं. आने मूठभर माती घ्यायची, एकदा दाबायची आणि कमरेच्या उंचीवरून सोडायची. ढेकळाचे तीन तुकडे झाले की वाफसा. "दोन झाले तर थांब. चार झाले तर उशीर केलास," एवढंच तिचं शास्त्र. माझ्या यंत्राशी ते मी नऊ वेळा ताडून पाहिलं. आठ वेळा जुळलं. नवव्या वेळी यंत्राची बॅटरी उतरलेली निघाली.

जव कापला की इथे श्वास घ्यायला वेळ नसतो. सप्टेंबर सरता सरता कडक दहिवर पडतं आणि मग सात महिने जमीन दगडासारखी होते. म्हणून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जवाची धसकटं उलथायची, वाफे पाडायचे, दर वाफ्याला दोन टोपल्या लेंडीखत आणि एक टोपली चुलीची राख मिसळायची, आणि शाळेत झेंडा लागायच्या आत सलगम पेरून मोकळं व्हायचं. झेंड्यानंतर पेरलेल्या सलगमाला आने सलगम म्हणतच नाही, 'दोरी' म्हणते. पेरल्यावर वर विलोच्या झाडाच्या बारीक फांद्या पसरायच्या, म्हणजे ऊन आणि चिमण्या दोन्ही अडतात. आणि पहिल्या सहा दिवसांत दोनदा पाणी. ते चुकलं तर मातीवर पापुद्रा धरतो आणि कोंब खालच्या खाली सुकतो. दुसऱ्यांदा पेरायला दिवस उरलेले नसतात. हिवाळ्यात माणसाला भाजी आणि गुरांना पाला मिळतो तो या एका पेरणीतून.

त्या वर्षी आनेनं सोमवारी पेरलं. दहा तारीख होती. मंगळवारी संध्याकाळी ओढ्याचं पाणी उतरलं.

मला हे कळलं कारण पाणी मोजणं हेच माझं काम होतं. एका प्रकल्पानं पाटाच्या तोंडाशी, ओढ्यात, रंगीत पट्ट्यांची लोखंडी काठी रोवली होती. सकाळ-संध्याकाळ पाणी कितव्या पट्टीला आहे ते मी वहीत लिहायचे. आमचा ओढा हिमनदीचा. तो सकाळी बारीक असतो आणि दिवसभर बर्फ वितळलं की संध्याकाळी फुगतो. तो उन्हाळा कडक होता. जुलैभर संध्याकाळी सातवी-आठवी पट्टी बुडायची. त्या मंगळवारी संध्याकाळी तिसरीच बुडाली. बुधवारी सकाळी तिसरी, संध्याकाळीही तिसरी.

बुधवारी तळ्याजवळच्या विलोखाली सगळे जमले. टुंडुप त्या वर्षी गावाचा पाटकरी होता. कुणी कधी पाणी घ्यायचं ते बघायचं, चोरी धरायची, दंड करायचा, हे त्याचं काम. मी त्याला आझांग म्हणते, म्हणजे मामा; मानानं हाक मारायची तर पुढे 'ले' लावायचं.

"यांगडोल, तू शिकलेली," तो म्हणाला. "सांग, कुठे गेलं पाणी?"

"वर थंडी लवकर पडली असेल, आझांग-ले. रात्री बर्फ वितळत नाही, मग ओढा बारीक होतो."

"थंडी? माझी बायको अजून गच्चीवर झोपते. तेही गोधडी न घेता."

"तुझं घोरणं ऐकल्यावर कुणीही गच्चीवरच झोपेल," माझी आमा म्हणाली. सगळे हसले.

"हसा. पाणी फूवाल्यांनी वळवलंय. दर ऑगस्टात हेच. आपण पेरलं की त्यांना तहान लागते."

फू ही आमच्या वरची वस्ती, ओढ्यानं तासभर चढून गेलं की उंच कपारीवर अकरा घरं. दर ऑगस्टात आम्ही त्यांना चोर म्हणतो आणि ते आम्हाला. त्यामुळे टुंडुपचं म्हणणं लगेच सगळ्यांना पटलं. माझं थंडीचं म्हणणंही कुणी खोडलं नाही. मी ते वहीतसुद्धा लिहिलं: 'कारण – तापमानात घट'. तापमान मी मोजलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी टुंडुप दोघांना घेऊन भांडायला वर निघाला. काठीचे आकडे सांगायला म्हणून मलाही नेलं. फूच्या पायथ्याशी पाणचक्की आहे. दोन्ही वस्त्यांचा भाजलेला जव तिथेच दळला जातो. चक्कीवाले मेमे पुंचोक, म्हणजे पुंचोक आजोबा, दारातच उभे होते.

"पाणी सोडा," टुंडुप लांबूनच ओरडला.

"पाणी तुम्ही खाली ओढलंत!"

"पाणी वरून खाली येतं, मेमे. खालून ओढता येत नाही."

"तुम्हा लुंगमारवाल्यांना काहीही येतं. तुझ्या बापानं माझ्या बापाची कोंबडी त्याच्या खांद्यावरून चोरली होती."

"मग गेलं कुठे पाणी?"

"तुझ्या पोटात बघ. छांग-दारू करून प्यायला असशील."

असं तासभर चाललं. शेवटी दोन्ही बाजूंचे आवाज बसले. निघताना मेमे पुंचोकनी माझ्या पाठीवर एक पोतं दिलं. "कुनझेसचा जव आहे. घेऊन जा. चार दिवस पडलाय." मी ते उचललं. पोत्याच्या मागे चक्कीचं लाकडी चाक कोरडं उभं होतं, त्याच्या पात्यावर एक मांजर झोपलं होतं. मी ते पाहिलं, आणि तसंच पोतं घेऊन खाली आले.

आने वाफ्यावर फांद्या सारख्या करत होती. पोत्याचं तोंड सोडून तिनं हात आत घातला. पिठाऐवजी दाणे वर आले.

"दळलं नाही?"

"चक्की बंद आहे."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून, असं म्हणाले."

तिनं पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. गाठ मारायला तिला फार वेळ लागला.

"पाणी चोरणारा माणूस स्वतःची चक्की बंद ठेवील का गं?" तिनं विचारलं.

बंद चाकासमोर तासभर मी उभी होते.

"तेव्हाही असंच झालं होतं," आने म्हणाली. "लोक सांगतात, ढग फुटला. शेवटी पाऊस आला, हे खरं. पण त्याआधी तीन दिवस ओढा आटला होता. जवाला शेवटचं पाणी द्यायचं राहिलं होतं. नामग्याल म्हणाला, ओढा पिळू या. मी झऱ्यावर गेले होते, बाकी त्या चार घरांतले सगळे उतरले. घरात कुणी नव्हतं, यांगडोल. घरात असते तर कुणीतरी छपरावर चढलं असतं. सगळे ओढ्यात होते."

पाणी कमी झालं की आमच्याकडे हीच रीत आहे. दर घरचा एक माणूस फावडं आणि मुळामातीसकट उपटलेल्या हरळीची टोपली घेऊन ओढ्याच्या पात्रात उतरतो. विखुरलेल्या धारा दगड-हरळीनं अडवत अडवत एकत्र करायच्या आणि पाटात ढकलायच्या. पाणी दुपारनंतर जास्त असतं म्हणून दुपारी उतरायचं ते सूर्य मावळेपर्यंत. याला आम्ही ओढा पिळणं म्हणतो. पाणी कोणत्या दिवशी कोणत्या घराचं हे खडे टाकून ठरतं. त्या वर्षी शुक्रवारचं पाणी आनेचं होतं. म्हणजे दुसऱ्याच दिवशी तिच्या वाफ्यासाठी तेवीस माणसं पात्रात उतरणार होती.

"पाणी वर कुठेतरी अडलंय," आने म्हणाली. "आणि साचतंय."

ती हात न धुताच टुंडुपकडे गेली. मी मागोमाग. तो अंगणात खंबीर रोटी चहात बुडवून खात होता. आनेनं चक्कीचं सांगितलं, नामग्यालचं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग बोटानं वर दाखवलं. तो तिला अचे म्हणायचा, म्हणजे थोरली बहीण.

"आभाळ बघ, अचे-ले. कापसाएवढा तरी ढग आहे?"

"तेव्हाही नव्हता."

"पाऊस तर पडला ना शेवटी!"

"शेवटी पडला."

"उद्या गाव तुझ्यासाठी गुडघाभर गार चिखलात उभं राहणार. तुझा वाफा भिजावा म्हणून. आणि तू अशी अभद्र बोलतेस?"

त्याची बायको आतून म्हणाली, "एकटी राहिलं की मनात येतं असलं. बसा, चहा घ्या अचे-ले."

आने बसली नाही. मी घरी जाऊन ऑफिसला फोन केला. साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्यानं सांगितलं, गेल्या आठवड्याच्या उपग्रहाच्या चित्रात तुमच्या खोऱ्यावर ढग आहेत, काही दिसत नाही, सोमवारी माणूस पाठवतो. मी म्हटलं, चक्की बंद आहे. तो म्हणाला, चक्की आमच्या खात्यात येत नाही.

शुक्रवारी सूर्य उगवताना आने पाटाच्या तोंडाशी गेली आणि तिनं फावडं रोवलं.

हीसुद्धा रीतच आहे. ज्याचं पाणी असेल त्यानं पहाटे पाटाच्या तोंडावर आपलं फावडं रोवायचं. ते तिथे उभं आहे तोवर, सूर्य मावळेपर्यंत, त्याला विचारल्याशिवाय ना पाटाला हात लावायचा ना ओढ्यात पाय टाकायचा. जो टाकेल त्यानं गावाला एक मेंढी द्यायची आणि सगळ्यांसमोर पांढरा खतक, म्हणजे मानाचा शेला, घेऊन माफी मागायची. पाण्याची चोरी होऊ नये म्हणून वाडवडिलांनी घालून दिलेला नियम. टुंडुपनं त्या उन्हाळ्यात तीन मेंढ्या वसूल केल्या होत्या. त्यातली एक स्वतःच्या मेव्हण्याची.

दुपारी माणसं आली. काहींनी पायजमे आधीच गुडघ्यावर गुंडाळले होते. आने फावड्याशेजारी दगडावर बसून लोकर कातत होती.

"चला, उतरा रे," टुंडुप म्हणाला.

"कुणी उतरायचं नाही," आने म्हणाली. "आजचं पाणी माझं आहे."

"तुझंच आहे म्हणून तर आलोय!"

"मला नको आहे."

पाणी नको म्हणणारं माणूस आमच्या गावानं पाहिलेलं नव्हतं.

"तुला नको तर बाजूला हो. आम्ही घेतो."

"फावडं माझं आहे. सूर्य अजून वर आहे."

टुंडुप तिच्यासमोर उकिडवा बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "अचे-ले, चार दिवस झाले पेरून. आज पाणी नाही मिळालं तर वाफा गेला. उद्या झेंडा."

"मला तारीख कळते."

"सात महिने काय खाशील? माझी शेळी?"

"तुझी शेळी म्हातारी आहे. मला दात नाहीत."

काही जण हसले. टुंडुपचे कान लाल झाले. मागून कुणीतरी म्हणालं, चला रे, बाईच्या वेडापायी सगळ्यांचे वाफे मारायचे का, आणि एक पाय पाण्याकडे पडला. टुंडुपनं उठून त्याचीच कॉलर धरली. "मेंढी आणलीस का?" तो खेकसला. "नियम म्हणजे नियम. मावळू दे सूर्य."

आणि सगळे काठावर वर बसून राहिले. पात्रात कुणीच नव्हतं. धार मनगटाएवढी होती. मी दर तासाला काठी बघत होते. दोन वाजता तिसरी पट्टी. तीनला तिसरी. चार वाजता तिसरीच्या जरा खाली. पाच वाजता सावली पलीकडच्या कड्यावर चढली. काहीच झालं नाही. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. पाणी यावं असं तर मला वाटत नव्हतं. पण ते येत नव्हतं म्हणून मला लाज वाटत होती. हे दोन्ही एकाच वेळी वाटत होतं.

सूर्य गेल्यावर आनेनं फावडं उपटलं. तिच्या अंगावरून जाताना माणसं मुद्दाम मोठ्यानं बोलत होती. "नवस बोललेली दिसते." "पुढच्या वर्षी वाफ्याऐवजी भविष्य पेर म्हणावं." ती खाली वाफ्याकडे गेली. फांद्या उचलल्या, नखानं पापुद्रा उचकटला. खाली पांढरे कोंब होते, दोऱ्यासारखे, आणि त्यांची टोकं तपकिरी पडली होती. झऱ्याचं पाणी फक्त पिण्याचं. वाफ्याला घालायचं नाही. तो नियम तिनं मोडला नाही. तिनं फांद्या होत्या तशा परत नीट पसरल्या.

शनिवारचं पाणी आमच्या घराचं होतं.

"आमा, उद्या तूही फावडं रोव," मी जेवताना म्हटलं.

"आणि रविवारी कोण? सोमवारी कोण? सगळं गाव फावडी रोवून हिवाळा काढणार?"

"सोमवारी ऑफिसचा माणूस येईल."

"बुधवारी तू म्हणालीस थंडी आहे. आता म्हणतेस पाणी अडलंय. काठी तर एकच आहे ना तुझी?"

"काठीनं नाही सांगितलं. चक्कीनं सांगितलं."

आमानं थुक्पा वाढला. तिनं त्या वर्षी दोन वाफे गाजर केलं होतं. पंधरा दिवसांत काढायला येणार होतं, आणि पाना-पानावर पिवळेपणा दिसायला लागला होता.

सकाळी ती फावडं आणि हरळीची टोपली, दोन्ही घेऊन निघाली. टोपली घेतली म्हणजे ती पात्रात उतरणार होती. पाटाच्या तोंडाशी आने आधीच येऊन बसली होती, रिकाम्या हातानं. शाळेतून मुलांच्या झेंडावंदनाचा आवाज येत होता. आमा उभी राहिली.

"तुझी गाजरं चांगली आलीत यंदा," आने म्हणाली.

"हो ना," आमा म्हणाली. मग तिनं फावडं उचललं आणि जोर लावून तोंडाशी रोवलं. टोपली लांब भिरकावून दिली. "एक दिवस. एकच. आणि गाजरं गेली तर हिवाळाभर तुझ्या दारात येऊन बसेन."

"ये. खारा चहा माझा, त्यातलं मीठ तुझं."

आमा तिच्याशेजारी बसली. माणसं आली, ऐकलं, टोपल्या आपटल्या. या वेळी टुंडुप वाद घालायलाही आला नाही. तो वर काठावर जाऊन पाठ करून बसला. बाराच्या सुमारास फूहून मेमे पुंचोक चार माणसं घेऊन उतरले. चार दिवस पाण्यावाचून बसल्यावर त्यांचा धीर सुटला होता. पाणी आमच्याकडे कुठे लपवलंय ते बघायला आले होते. टुंडुपला भांडायला कुणीतरी मिळालं. दोघं जोडीनं काठावर बसून एकमेकांच्या बापजाद्यांचे उद्धार करायला लागले.

साडेतीनला धार थांबली.

ती हळूहळू बारीक झाली नाही, नळ बंद केल्यासारखी एकदम थांबली. काठीच्या बुडाशी ओला खडा चकाकत होता, तोही बघता बघता सुकला. मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की आवाज नाही. लुंगमारमध्ये जन्मलेल्या कुणीही ओढ्याच्या आवाजाशिवायचं गाव ऐकलेलं नव्हतं. टुंडुप बोलता बोलता शिवी अर्धी सोडून गप्प झाला. पात्रातल्या दगडांवर शेपटी हलवत फिरणारे धोबी पक्षी उडाले आणि वर गच्च्यांवर जाऊन बसले.

आने उठली. "चला," ती आमाला म्हणाली. आमाचा हात फावड्याकडे गेला. "राहू दे ते."

टुंडुपनं आमच्याकडे पाहिलं आणि तो ओरडला, "वर! सगळे वर! गच्चीवर नाही, वरच्या मठाकडे, गोंप्यात! पळा!" मेमे पुंचोकना त्यानं पाठीवर घेतलं. मी काठ चढून वर पोचले तेव्हा ओल्या मातीचा वास आला. आभाळ निळं, ऊन लख्ख, आणि नांगरटीनंतर पाऊस पडावा तसा वास. मग वरच्या वळणामागून ट्रकनं दगड ओतावेत तसा आवाज यायला लागला, पण ओतणं संपेचना.

जे आलं त्याला पाणी म्हणता येणार नाही. तपकिरी भिंत होती, तिच्यात विलोची झाडं उभीच्या उभी चालत होती. चक्कीचं चाक मी ओळखलं. माझी काठी कधी गेली ते दिसलं नाही. आमाचं फावडं दिसलं, एकदा, आडवं. तेवीस वाफे बघता बघता गेले. दगड लागायचे ते धक्के आमच्या पायाखालच्या जमिनीत जाणवत होते. अकरा मिनिटं. मी वहीत वेळ लिहिली, आकडा लिहायला काठी नव्हती.

माणसं मोजली. दोनदा मोजली. सगळी होती.

"चक्की गेली?" मेमे पुंचोकनी विचारलं. त्यांना मोतीबिंदू, लांबचं दिसत नव्हतं.

"गेली, मेमे-ले."

ते खाली बसले. चक्कीच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "मी भांडायला आलो नसतो तर..."

"आता दरवर्षी या," टुंडुप म्हणाला. हसायचा प्रयत्न करताना त्याला रडू आलं. आनेकडे मात्र त्यानं पाहिलं नाही. त्या दिवशी तिच्याकडे कुणालाच पाहवत नव्हतं.

सोमवारी खरंच माणूस आला. वर चढून गेला, दुसऱ्या दिवशी उतरला. हिमनदीच्या तोंडावर डोंगराचा अख्खा कडा घसरला होता. त्यामागे पाणी साचलं आणि एका बाजूनं फोडून निघालं. "अर्धंच आलंय," तो म्हणाला. "अर्धं अजून मागे उभं आहे. कडा ढासळून वाट पुन्हा बुजलीय. पुढच्या उन्हाळ्यात बघू काय करता येतं ते." त्यानं मला नवी काठी दिली.

तो हिवाळा वाळवलेल्या पाल्यावर आणि बटाट्यावर निघाला. आनेच्या दारात रोज कुणीतरी काहीतरी ठेवून जाई. टुंडुपनं शेळी कापून निम्मी तिला दिली. ती दोन दिवस शिजली तरी चामड्यासारखी राहिली. आनेनं ती वाटणासारखी ठेचून खाल्ली आणि वाडगं परत करताना त्याला म्हणाली, "सांगितलं होतं ना."

पण बर्फ पडायच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. ऑक्टोबरात नवा गाळ जरा सुकल्यावर मी आनेबरोबर खाली गेले होते. तिचं पातेलं, आमचं फावडं, सगळं पुन्हा खाली कुठेतरी गेलं होतं. तिनं वाकून मूठभर गाळ घेतला, दाबला, कमरेवरून सोडला. तीन तुकडे झाले.

"कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली आहे," ती म्हणाली, जवळच्या माणसाचा आजार सांगावा तशा आवाजात. आणि हात कपड्याला पुसला.

वसंतात टुंडुप खाली खुंट्या ठोकायला लागला. लोकांनी आधी नको म्हटलं, मग एकेकानं येऊन मातीत हात घातला. अशी माती गावात दुसरीकडे नाही, हे प्रत्येकाला दिसत होतं. टुंडुप आनेकडे आला. "अचे-ले, पहिला वाफा तू निवड. मान तुझा."

"मला नको."

"पुन्हा नको?"

"तुम्हीही नका करू. पाणी अर्धं वर आहे."

"ते एकतीस वर्षांनी आलं होतं, अचे-ले. पुढचं येईल तेव्हा मी नसेन."

तिनं घरामागच्या दगडांत दोन वाफे पाडले. टोपलीनं गोठ्यातली माती वाहिली, राख घातली, फांद्या पसरल्या. टुंडुप जाता-येता कुंपणावरून डोकावे. "हे सलगम आहेत का लसूण?"

"लसूण म्हणून खा."

या ऑगस्टपर्यंत खाली एकोणीस वाफे झाले होते. आमाचा त्यांत नाही. जव कापला, धसकटं उलथली, पेरण्या झाल्या. आने रोज संध्याकाळी मला विचारायची, "काय म्हणते तुझी काठी?" मी सांगायचे, सात. सात. साडेसात. ती मान हलवून कामाला लागायची.

अकरा तारखेला संध्याकाळी काठी सातवर होती. बारा तारखेला सकाळी चारवर, आणि दुपारी, फुगायच्या वेळीही, चारवरच. आभाळ स्वच्छ होतं. आदल्या रात्री मी घरामागे पाण्याची परात भरून ठेवली होती, या वेळी मोजायचंच म्हणून. सकाळी परातीत बर्फाचा कण नव्हता. मी तशीच चढून आनेच्या घरी गेले.

ती दारात बसून जोड्यांच्या नाड्या बांधत होती. शेजारी फावडं भिंतीला टेकलेलं होतं.

"चारवर आहे," मी म्हटलं.

"ऐकू येतंय," आने म्हणाली. "पहाटेपासून आवाज पातळ झालाय." तिनं दुसरी नाडी बांधली. "आजचं पाणी कुणाचं?"

"आझांग टुंडुपचं."

तिनं फावडं खांद्यावर घेतलं. आम्ही उतारावर आलो तेव्हा खाली टुंडुपचं फावडं पाटाच्या तोंडाशी रोवलेलं दिसलं. तो स्वतः हात हलवून लोकांना बोलावत होता, आणि पायजमे गुडघ्यावर गुंडाळून माणसं ओढ्यात उतरायला लागली होती.